राणीच्या बागेतील एक सकाळ
भायखळ्यास मोतीशा शेठांनी बांधविलेल्या आदिनाथ जिनालयात दर्शन घेऊन नातवासह राणीच्या बागेत गेलो. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानास आता वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. इंग्रजांना विलायतेस नेता न आलेला घारापुरीचा पाषाणहत्ती संग्रहालयाबाहेर उभा आहे. जुन्या वृक्षांच्या एकाच सावलीत हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती कुटुंबे विसावली होती. एका पिंजऱ्यापुढे नातू थबकला. “आजोबा, याचा अपराध काय?” मी निरुत्तर झालो. मुंबईच्या पांजरापोळाच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या त्याच मोतीशा शेठांचे स्मरण झाले. उरलेला वेळ आम्ही वृक्षांच्याच सहवासात घालविला. परतताना पांजरापोळात जाण्याचे मात्र नातवानेच ठरविले.