एकसारखं आणि खरं

टूलरूममध्ये आलेल्या नव्या मुलांना मी सगळ्यात आधी ॲक्युरसी आणि प्रिसिजन यांतला फरक समजावतो. मराठीत दोन्हींना सरसकट ‘अचूक’ म्हणायची सवय असते. प्रिसिजन म्हणजे तेच माप पुन्हा पुन्हा घेतलं तरी रीडिंग जवळजवळ तेच येणं. ॲक्युरसी म्हणजे ते रीडिंग खऱ्या मापाच्या जवळ असणं.

समजा, पिन २५ मिलिमीटरची आहे आणि टॉलरन्स दहा मायक्रॉनचा. डिजिटल मायक्रोमीटर २५.००२ दाखवतो, पुन्हा घ्या, २५.००२, तिसऱ्यांदा २५.००३. जॉब पास. पण मायक्रोमीटरच्या ॲन्व्हिल आणि स्पिंडलची तोंडं झिजलेली असतील, तर तो प्रत्येक वेळी दहा मायक्रॉन कमी दाखवतो. पिन खरी २५.०१२ ची असते आणि असेंब्लीत बोअरमध्ये जात नाही. तीनदा मोजल्यामुळे खात्री वाढली, चूक मात्र तशीच राहिली. मला या एकसारख्या चुकीची सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण ती गुणासारखी दिसते.

ती पकडायला बाहेरचा साक्षीदार लागतो. २५ ची स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा ठोकळा, पुसून तोंडांमध्ये धरायची, रॅचेट फिरवायचं. २४.९९० दिसलं की उलगडा झाला. त्या स्लिप गेजचं माप दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासलेलं असतं, तिच्या गेजचं आणखी वरच्या, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. प्रिसिजन यंत्राच्या अंगची असते. ॲक्युरसीला मात्र असा दाखला द्यावा लागतो, आणि म्हणूनच मला ती थोर वाटते.

त्यात तापमान आहेच. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला खरी धरतात. मे महिन्यात शॉपमध्ये ३५ अंश असताना १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब सुमारे ३४ मायक्रॉनने वाढतो, स्टील त्याच्या निम्म्याने. जॉब आणि गेज दोन्ही स्टीलचे आणि एकाच तापमानाचे असले तर हिशेब जुळतो. ॲल्युमिनियमला ही सवलत नाही. तिथेही रीडिंग मात्र दर वेळी तेच येतं!

तरी, दोन बिघडलेल्या मायक्रोमीटरांतून एक घ्यायचाच झाला तर मी झिजलेल्या तोंडांचा घेईन. तोंडं सारखी झिजली असतील तर त्याची चूक मोजून वजा करता येते. स्क्रूमध्ये खेळ आलेला मायक्रोमीटर दर वेळी वेगळं सांगतो. त्यातून वजा काय करणार? तो दुरुस्तीलाच पाठवायचा.