दोन मोटारी आणि एक घळ

दरीत उतरायचे म्हटले, की आपल्याकडे पहिली चर्चा शिदोरीची होते. अमेरिकेतल्या वाळवंटी दरीत उतरायचे असेल तर पहिली चर्चा होते ती मोटार कुठे ठेवायची याची! वाचकांना ही थट्टा वाटेल; पण युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवरची ‘बकस्किन गल्च’ ही घळ पायी पार करून आल्यावर माझे मत असे झाले आहे, की तिथल्या मुक्कामी भटकंतीत निम्मे शहाणपण वाहनतळावरच लागते.

भंडारदऱ्याजवळची सांदण दरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या घळीची कल्पना चटकन येईल. मात्र तिथला काळा कातळ इथे तांबूस वालुकाश्म होतो, आणि लांबी पंधरा मैलांच्या आसपास जाते. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि त्या भिंती कुठे कुठे चारशे फुटांपर्यंत चढत गेलेल्या. रात्रीच्या मुक्कामासाठी दिवसाला फक्त वीस माणसांना परवाने मिळतात. भाच्याने ते मे महिन्यातले मिळवले होते. कारण जुलै ते सप्टेंबर हा तिकडचा वळिवाचा काळ, आणि त्या दिवसांत घळीत शिरणे म्हणजे पुराला आमंत्रण.

आता मोटारींचे गणित ऐका. चालायला सुरुवात करायची ‘वायर पास’ या ठिकाणाहून. तिथून बकस्किन घळीने तेरा-साडेतेरा मैल उतरत गेले, की पारिया नदीचा संगम लागतो. मग नदीच्या पात्रातून उलट दिशेने सात मैल चालून ‘व्हाइटहाउस’ या ठिकाणी बाहेर पडायचे. या दोन टोकांमधले अंतर सडकेने पंधरा-सोळा मैल. आणि आपल्या एस. टी.सारखी गाडी तिथे नावालाही नाही. पैसे मोजून सोडणारे वाहनवाले मिळतात. पण फिनिक्सहून आम्ही भाच्याची आणि भाचेसुनेची अशा दोन्ही मोटारी घेऊन निघालो, आणि पावणेतीनशे मैल कापून पेज या गावी मुक्कामाला आलो.

कोणती मोटार कुठे ठेवायची, यावर त्या रात्री वादविवाद झाला. भाचेसुनेने तो कागदावर आकृती काढून मिटवला. वायर पासला जाणारा शेवटचा आठ मैलांचा रस्ता कच्चा. कोरडा असताना बरा, पण पाऊस पडला की त्याचा नुसता राडा होतो आणि ओढे आडवे येतात. म्हणून उंच चाकांची दणकट मोटार तिथे. व्हाइटहाउस पक्क्या सडकेपासून दोनच मैल. लहान मोटार तिथे, आणि तीच आधी नेऊन ठेवायची. थकलेल्या माणसाला बाहेर पडताक्षणी स्वतःची मोटार समोर दिसली पाहिजे, दुसऱ्याच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागता कामा नये. तिच्यात पाण्याचे दोन डबे, कोरडे कपडे आणि खाण्याचे ठेवले. शेवटच्या मोटारीची एक किल्ली भाच्याच्या बटणाच्या खिशात, दुसरी भाचेसुनेच्या पाठपिशवीत. पहिल्या मोटारीत ती विसरून पुढे गेलो, तर वीस मैल चालून मोटारीच्या काचेतून पाण्याचे डबे पाहात बसावे लागेल!

घड्याळाचीही एक गंमत आहे. उन्हाळ्यात युटा आपले घड्याळ तासभर पुढे नेते, ॲरिझोनाचा बहुतेक भाग नेत नाही. पेजमध्ये सात वाजलेले असतात तेव्हा वायर पासला आठ. आम्ही तिघांनी हातातली घड्याळे युटाला लावली. एका शेजाऱ्याला कागद लिहून दिला: मोटारींचे क्रमांक, त्या कुठे उभ्या आहेत, कुठल्या वाटेने जाणार, आणि शनिवारी रात्री दहापर्यंत निरोप न आल्यास शेरीफच्या कचेरीला कळवावे. घळीत दूरध्वनी चालत नाही. पुण्याला आक्काला, म्हणजे भाच्याच्या आईला, सांगितले, “रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत काळजी करायची नाही.” ती म्हणाली, “मग आधी करते. आणि तू मोठा आहेस. पोरं ऐकत नसतील तर तू नाही म्हण.”

तिच्या भीतीला आधार होता. 1997 च्या 12 ऑगस्टला पेजजवळच्याच अँटेलोप घळीत अकरा प्रवासी पुरात बळी पडले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हता, मैलोगणती दूर कोसळला होता. म्हणून अंदाज पाहायचा तो घळीचा नव्हे, वरच्या साऱ्या पाणलोटाचा. पारियाला तर ब्राइसकडचेही पाणी येते. शुक्रवारी सकाळी तो दोन्ही दिवस स्वच्छ होता. तरी आम्ही एक नियम केला: तिघांपैकी कुणीही ‘परत’ म्हटले, की वाद न घालता परतायचे.

वायर पासमधून बकस्किनला मिळतो तिथे भिंतीवर मेंढ्यांची प्राचीन कोरीव चित्रे आहेत. पुढे ऊन उरले नाही. डोक्याच्या कितीतरी वर, दोन भिंतींत अडकलेले ओंडके दिसत. पाणी तिथवर चढले होते, हे सांगायला कुणी लागत नव्हते. वाटेतल्या डबक्यांतला गार चिखल मांडीला झोंबत होता.

आठ मैलांवर बाहेर पडण्याची एकमेव मधली वाट आहे, तीही हातापायांनी चढायची. तिथे आलो तेव्हा वरच्या आकाशाच्या पट्टीत पांढरा ढग आला. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही सांगा.” आक्काचे शब्द कानात होते. मी सकाळचा अंदाज पुन्हा वाचून घेतला, घड्याळ पाहिले, प्रत्येकाकडे उरलेले पाणी मोजले. पाऊण वाजला होता, तिघांचेही पाय शाबूत होते. “पुढे,” मी म्हणालो. आणि ढग गेला तरी संगमापर्यंत माझे कान मागेच लागलेले होते.

संगमाआधी अडकलेल्या शिळांवरून दोराने उतरलो आणि उंच वाळूच्या ओट्यावर पथारी पसरली. शेकोटीला बंदी, शौचाचा ऐवजही पिशवीत बांधून बाहेर आणायचा, हा तिथला कडक कायदा. चारशे फूट उंच भिंतींमधून ताऱ्यांची एक अरुंद नदी वाहात होती. भाचेसून हळूच म्हणाली, “मामा, आत्ता आईंना ऊन पडलेलं असेल.”

दुसऱ्या दिवशी पारियाच्या घोटाभर पाण्यातून अगणित वेळा इकडून तिकडे जात दुपारी व्हाइटहाउसला पोचलो. लहान मोटार जागेवर होती. पाणी तापलेले होते, पण अमृतासारखे लागले.

घळ निसर्गाने घडवली; तिच्यातून सुखरूप बाहेर काढणारी वाट मात्र आदल्या रात्री, कागदावरच आखावी लागते.