चोपड्यातलं जुनं पान

दिवाळीच्या आवराआवरीत खणातून ते क्रेडिट कार्ड निघालं. कोरं, पाकिटातून आलं तसंच.

"अहो, वापरत नाही तर हे कशाला? कापून टाकू का?" हिनं विचारलं. कात्री हातात होतीच.

"अगं, थांब!" मी जरा जोरातच ओरडलो.

खातं 2003 सालचं. तेव्हा आम्ही इच्छापोरला नवे होतो, हजिऱ्याच्या कारखान्यात नोकरी. गेटापाशी टेबल मांडून बसलेल्या बँकेच्या पोरानं ते गळ्यात मारलं. एक फ्रीज घेतला, फेडला आणि भीतीनं कार्ड खणात टाकलं. मुदत संपली की बँक नवं पाठवी, तेही खणात. आमच्या धुळ्याच्या घरात कर्ज म्हणजे कलंक. वाण्याच्या वहीत नाव नाही, हा वडिलांचा अभिमान!

शेजारचे गुजराती काका मात्र चोपडापूजनाच्या दिवशी हसून म्हणत, "भाऊ, ज्याचं पानच नाही त्याची शाख कशी कळणार?" पतीला ते शाख म्हणतात. तेव्हा मला तो व्यापाऱ्याचा कावा वाटला होता.

गेल्या वर्षी मुलानं अडाजणला फ्लॅट पाहिला. कर्जात मी सहकर्जदार. बँकेतल्या मुलीनं माझा सिबिलचा उतारा काढला. हा आकडा 300 ते 900 मधला असतो आणि कर्ज देणारा आधी तोच पाहतो. माझ्या उताऱ्यातलं सर्वांत जुनं खातं म्हणजे हेच कार्ड! शिवाय दुसरं हिशेब सांभाळणारं कारण होतं. माझ्या नेहमीच्या कार्डाची मर्यादा 60 हजार, खर्च महिना 30 हजार. म्हणजे निम्मी वापरलेली. या जुन्या कार्डाचे एक लाख धरले की तेच प्रमाण एकोणीस टक्क्यांच्या आत येतं. कार्ड बंद केलं असतं तर एक पैसाही जास्त न खर्चता मी उधळ्या ठरलो असतो.

पण नुसतं खणात ठेवूनही भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक आधी कळवून बंद करू शकते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की संपलं. आम्हाला तसा निरोप आला होता, पण हिच्या जुन्या फोनवर. नंबर बदलल्याचं मीच कळवलं नव्हतं. सूनबाईंनी सहज तो फोन चार्ज केला म्हणून दिसलं. पाच दिवस उरले होते. कर्जाचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

याला वार्षिक शुल्क असतं तर मात्र मी कात्री चालू दिली असती. चांगलं फेडलेलं खातं बंद केलं म्हणून त्याची नोंद लगेच पुसली जात नाही. पत खरी बिघडते ती हप्ता चुकल्यानं.

हे सगळं ऐकून हिनं कात्री ठेवली, कार्ड माझ्या हातात दिलं.

"मग जा, हजिरा रोडवर स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल टाकून या." आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर बिलाच्या तारखेभोवती लाल पेनानं गोल काढला.