उतार

माझी आणि माझ्या गुडघ्यांची खरी ओळख झाली ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. तोपर्यंत आपल्याला गुडघे आहेत, ही गोष्ट माझ्या ध्यानातही नव्हती. ज्याची आठवण होत नाही तो अवयव चांगला, असे म्हणायला हरकत नाही. पण गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, वेताळ टेकडीवरून उतरताना, उजव्या गुडघ्यातून अशी काही कळ उठली की मी वाटेवरच बसलो. आठ दिवसांनी हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचे चित्र उजेडात धरून निकाल दिला, "चढायला माझी हरकत नाही. उतरायचे मात्र बंद करा."

आता तुम्हीच सांगा, टेकडी चढल्यावर जो उतरणार नाही त्याने करायचे काय? वर वेताळाचे देऊळ आहे खरे; पण वेताळाच्या परिवारात एवढ्या लवकर नाव घालायची माझी तयारी नव्हती.

डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हते. चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि अंग वर उचलतो. उतरताना त्याच स्नायूला ताणत ताणत अंगाला लगाम घालावा लागतो, आणि पावलागणिक शरीराच्या वजनाच्या तिपटी-चौपटीचा भार गुडघ्यावर येतो. म्हणजे चढणे हे इंजिनाचे काम, उतरणे हे ब्रेकचे. माझे इंजिन शाबूत होते. ब्रेक गेले होते.

पुण्याबाहेरच्या वाचकांना वाटेल, एका टेकडीपायी एवढे कशाला मनाला लावून घ्यायचे? वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पुण्यातल्या टेकड्यांत ती सर्वांत उंच असली, तरी सिंहगड पाहिलेला माणूस तिला हसेल. पण माझा आणि तिचा संबंध उंचीचा नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. नदीकाठची आमची खोली भांड्याकुंड्यांसह गेली. पुढे पूरग्रस्तांसाठी टेकडीच्या पायथ्याशी गोखलेनगर वसले, तिथे आम्हाला घर मिळाले. वडील खडकीला कारखान्यात कामाला. रोज सायकलने जात आणि रोज सायकलने येत. संध्याकाळी सायकल भिंतीला लावली की ते टेकडीकडे पाहत आणि म्हणत, "इथवर पाणी येत नाही." त्यांच्या लेखी टेकडीचे सारे सौंदर्य त्या एका वाक्यात होते.

मला ते सौंदर्य उशिरा कळले. आमची एकुलती एक लेक शिकायला बाहेर पडली, घर एकाएकी मोठे झाले, आणि मग हिने आणि मी पहाटे टेकडीवर जायला सुरुवात केली. साडेपाचला निघायचे, उजाडता उजाडता माथ्यावर, सात वाजता घरी चहा. दगडाच्या जुन्या खाणीच्या पलीकडे, वाटेपासून थोडा आत, एक काळा पसरट दगड आहे. त्यावर ही बसायची. मी चार फेऱ्या मारून येईपर्यंत ती तिथेच. "अहो, तुम्ही फिरा. मी टेकडीवर फिरायला येत नाही, बसायला येते," असे म्हणायची. एकोणीस वर्षे हा क्रम चालला. चार वर्षांपूर्वी ती गेली. मी जात राहिलो. त्या दगडावर मात्र कधी बसलो नाही. जवळ क्षणभर उभा राहायचो आणि परत फिरायचो.

लेक बंगळूरला. तिचा दर आठवड्याचा फोन एकाच मुद्द्यावर येऊन थांबायचा: "बाबा, इकडे या." मी म्हणायचो, "तुझ्याकडे टेकडी कुठे आहे?" गुडघ्याची बातमी तिला कळली तेव्हा ती रागावली नाही, उलट फार शांतपणे म्हणाली, "बाबा, आता तर डॉक्टरांनीच टेकडी बंद केली. मग तिथे तुम्हाला धरून ठेवणारे काय उरले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर होते. पण ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते.

दिवाळीला ती आली ती मोटारीच्या पाठीला एक सायकल बांधून. ती सायकल पाहून मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. टेकडीवरच्या सायकलवाल्यांवर माझा जुना राग. पहाटेच्या शांततेत आपण एका लयीत चाललेले असावे आणि मागून खडखडाट करीत एखादा शिरस्त्राणधारी अंगावर यावा! ही वाटेच्या कडेला सरून त्यांना हात करायची, मी पुटपुटायचो, "देवाने यांना पाय दिलेत कशाला?" आणि आता माझ्याच दारात तसले यंत्र उभे होते. दोन बोटे रुंद असे दातेरी टायर, पुढच्या काट्यात धक्के गिळणाऱ्या नळ्या, आणि ब्रेक तर चाकाच्या मधोमध, पोलादी तबकडीला चिमटीत धरणारे.

"ब्रेकचे एवढे कौतुक कशाला?" मी विचारले.

"कारण हा सारा खेळच उतारातून निघाला," ती म्हणाली, आणि तिने मला एक गंमत सांगितली. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावर नेऊन उताराच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत. एक उतार उतरला की तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. त्या शर्यतीचे नावच मुळी पुन्हा ग्रीस भरण्यावरून पडले. पुढे वीस वर्षांनी, १९९६ साली, डोंगरी सायकलची शर्यत ऑलिंपिकमध्ये गेली. मी मनात म्हटले, म्हणजे उतारावर जळणारे आपण एकटेच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सायकल घेऊन निघेल असे मला वाटले होते. पण रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता आणि ती चहा घेत बसून राहिली. "आज नाही. ओल्या मातीत चाक फिरले की चर पडतो. पुढच्या पावसाचे पाणी त्याच चरातून धावते, आणि मग वाटच धुऊन जाते. वाळू दे, मग जाईन."

मी गप्प राहिलो. एकोणीस वर्षे मी वळणे चुकवून मधल्या पायवाटा पाडीत आलो होतो. चिखल दिसला की कडेच्या गवतावरून चालून वाट हातभर रुंद करीत आलो होतो. टेकडीचा मालक असल्यासारखा सायकलवाल्यांवर डोळे वटारीत आलो होतो. आणि ही बंगळूरहून आलेली पोर तिच्या मातीची काळजी घेत चहा पीत बसली होती.

पाडव्याला तिने मला ओवाळले. मी विचारले, "ओवाळणी काय घालू?" ती आता बंगळूरचे नाव काढणार, म्हणून मी मनात नकाराची जुळवाजुळव करून ठेवली होती. ती म्हणाली, "आई बसायची तो दगड मला दाखवा."

मी म्हटले, "डॉक्टर..."

"चढायला हरकत नाही ना? उतरायचे मी बघते."

निघालो. ती सायकल हाताने ढकलीत माझ्या चालीने चालली होती. वाट वाळली होती. गिरिपुष्पाच्या झाडीतून जाताना मी तिला सांगितले की हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. लागवडीने इथे आले आणि ठाण मांडून बसले. झाडी विरळ झाली आणि कुसळांचे गवत लागले तशी खरी टेकडी सुरू झाली. कुठे तरी मोर ओरडला. खाणीच्या काठाशी थांबून मी तिला कातळाचे थर दाखवले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. अशा थरांवर थर बसून सारा दख्खन झाला. वायूच्या बुडबुड्यांनी दगडात जी छिद्रे राहिली, त्यांत पुढे पांढरे स्फटिक भरले. लहानपणी आम्ही ते खिशात भरून आणायचो आणि आई ते केराबरोबर बाहेर टाकायची. तळाशी पावसाचे हिरवट पाणी साठले होते. मी बोलत होतो, फार बोलत होतो; कारण दगड जवळ आला होता.

"हा," मी म्हटले.

तिने सायकल गवतात आडवी घातली आणि ती दगडावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग थोडी सरकली आणि शेजारी जागा केली. चार वर्षांत मी पहिल्यांदाच त्या दगडावर बसलो. तिथून काय दिसते हे मला ठाऊकच नव्हते. मला वाटे, ही पाषाणकडची डोंगररांग पाहत बसत असेल. तसे नव्हते. त्या दगडावरून माझी फेरीची वाट दिसते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबंध.

लेकीच्या ते लक्षात आले असावे. ती एवढेच म्हणाली, "फोनवर हे सांगायचे होते ना."

आता उतार. वाट अरुंद, वर सुटी खडी. ती सायकलच्या डाव्या अंगाला उभी राहिली, दोन्ही मुठी ब्रेकवर. मला म्हणाली, "तुम्ही उजवीकडून या. हात सीटवर ठेवा. मी ब्रेक दाबला की सगळा भार द्या आणि मग पाऊल टाका." आम्ही निघालो. दोन पावले, ब्रेक. दोन पावले, ब्रेक. सायकल अशी घट्ट उभी राही की जणू जमिनीत रोवलेला कठडा. गुडघा कुरकुरत होता, पण कळ उठत नव्हती. समोरून एक सायकलवाला वर येत होता. आम्हाला पाहून तो खाली उतरला आणि वाट देऊन कडेला उभा राहिला. मी त्याला हात केला. हिच्या वाट्याचा.

एका तीव्र वळणावर खडी सरकली आणि माझा हात सुटला. लेक ओरडली, "बाबा, सीट सोडू नका!"

मी जागच्या जागी थांबलो. हे वाक्य मी ऐकलेले होते. गोखलेनगरच्या मैदानात, ती आठ वर्षांची असताना, वडिलांच्या त्याच जुन्या सायकलवर तिला बसवून मी मागून सीट धरून धावत होतो आणि ती मागे न पाहता ओरडत होती, "बाबा, सीट सोडू नका!" मी "नाही सोडत, नाही सोडत," म्हणत सोडली होती. तिला कळले तेव्हा ती मैदानाच्या पार टोकाला पोहोचली होती.

तिलाही ते आठवले असावे, कारण ती हसली आणि म्हणाली, "तुमच्यासारखी फसवणार नाही मी."

घरी पोहोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. संध्याकाळी तिने विषय काढला नाही, म्हणून मीच काढला. दोघांनी मिळून एक तह केला. पावसाळ्याचे चार महिने, वाट निसरडी असते तेव्हा, मी बंगळूरला राहायचे; दिवाळीच्या आधी पुण्याला परतायचे. तोवर रोज मांडीचे व्यायाम करायचे, आणि पुण्यात एकटा असेन तेव्हा पौड रस्त्याकडून ए.आर.ए.आय.पर्यंत चढणाऱ्या डांबरी रस्त्यानेच जायचे, हातात काठी घेऊन. डॉक्टरांनीही या तहावर थोड्या नाखुशीने का होईना, पण सही केली.

हे लिहितो आहे ते बंगळूरला, लेकीच्या घरी. बाहेर पाऊस आहे. इथल्या लालबागेतला खडक मी पाहून आलो. तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा; त्याच्यापुढे आमची टेकडी म्हणजे कालचे पोर. मी त्याला मान दिला. बसलो मात्र नाही. शहराच्या दक्षिणेला तुरहळ्ळीचे खडकाळ रान आहे. लेक वाट कोरडी असली की रविवारी तिथे सायकल नेते. मी पायथ्याशी बाकावर बसून तिची वाट पाहतो, आणि उतारावर तिचे लाल शिरस्त्राण दिसू लागले की आपसूक माझी उजवी मूठ आवळली जाते.

परतीची तिकिटे काढून झाली आहेत. दोन काढली. टेकडी चढायला मी एकटा पुरेसा आहे. पण उतरताना सायकल धरायला कोणी तरी हवे.