सोन्याला काय होतंय!

वर्सोवा कोळीवाड्यात वाढलेल्या मुलीला सोन्याची काळजी घ्यायला कुणी शिकवत नाही. आई पहाटे बंदरावर जायची, मग दिवसभर पाटीपाशी बसायची. हात मिठात, बर्फात, मासळीच्या पाण्यात, आणि त्याच हातांत पाटल्या. सणाच्या आदल्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात बुडवून जुन्या ब्रशनं घासल्या की पुन्हा लखलखीत. समुद्रानं ज्याचं काही बिघडवलं नाही, त्याला आणखी काय होणार, असं मी चाळिशीपर्यंत धरून चालले होते.

2020 मध्ये करोनामुळे घरात हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, आलं. त्याचं एक टक्क्याचं द्रावण करून कड्या, लाद्या, ओटा मी दिवसातून दोनदा पुसत होते. बोटात 18 कॅरेट पांढऱ्या सोन्याची अंगठी, मध्ये छोटासा हिरा. ती काढावी असं एकदाही वाटलं नाही. पुढच्या वर्षी हिरा पडला; कुठे, ते कळलंही नाही. मी तडक सोनाराकडे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "सोन्यात भेसळ केलीत तुम्ही." ते शब्द आजही मला टोचतात.

त्यांनी वाद घातला नाही. भिंग माझ्या हातात दिलं. हिरा धरून ठेवणाऱ्या चार दातांपैकी दोन मुळाशी तुटलेले, तिसऱ्यावर केसासारखी चीर. "ताई, ब्लीच वापरता का?" एवढंच विचारलं.

मग मी वाचायला बसले. आईच्या पाटल्या 22 कॅरेटच्या, आजच्या हॉलमार्कच्या भाषेत 916, म्हणजे हजारात 916 भाग सोनं. माझ्या अंगठीत 750. बाकीच्या 250 भागांत निकेल, तांबं, जस्त. समुद्राच्या मिठातला क्लोरिन सोडियमशी आधीच बांधला गेलेला असतो. ब्लीचमधला मोकळा असतो, आणि तो या जोडधातूंना धरतो. दागिन्यात जिथे ताण असतो, म्हणजे खड्याचे दात, फाशाची स्प्रिंग, झाळलेले जोड, तिथे तो कणाकणांच्या मधून आत शिरतो आणि धातू तडकतो. वरून चमक तशीच दिसत राहते, म्हणून संशयही येत नाही.

सोनं शुद्ध करण्याची एक रीत तर क्लोरिनच्या याच स्वभावावर उभी आहे. सिडनीच्या टांकसाळीतल्या फ्रान्सिस मिलर यांनी 1867 च्या सुमारास ती काढली. वितळलेल्या सोन्यातून क्लोरिन वायू सोडायचा; तांबं, जस्त, चांदी क्लोराइड होऊन वेगळी होतात आणि सुमारे 99.5 टक्के शुद्ध सोनं मागे राहतं. हे वाचलं त्या रात्री माझी अंगठी डोळ्यांसमोरून हलेना. आणि शुद्ध सोनंही अभेद्य नाही बरं का. ज्या अम्लराजात, म्हणजे तीव्र अम्लांच्या मिश्रणात, ते विरघळतं, त्यातही क्लोरिन तयार होतोच.

दुसऱ्याच दिवशी जाऊन मी सोनारकाकांची माफी मागितली, तीही गिऱ्हाइकांसमोर. माझी मुलगी आता अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात पोहायला जाते. तलावाच्या पाण्यातही क्लोरिन असतो, म्हणून कानातले घरच्या डबीत ठेवून निघते. तुमच्याही बोटात खड्याची अंगठी असेल, तर ब्लीचची बाटली उघडण्याआधी ती काढून ठेवा, आणि वर्षातून एकदा सोनाराला भिंगाखाली दात बघायला सांगा.