एकचक्रेची पाळी

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यात, केळझर हे गाव आहे. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे ते साऱ्या विदर्भाला परिचित आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी या परिसराची दृढ श्रद्धा आहे. पुराणसंशोधकांनी या श्रद्धेचे काय करायचे ते करावे. आम्हांला येथे त्या कथेशी कर्तव्य आहे. भीमाने बकासुराला मारले, एवढा तिचा शेवट लहान मुलांनाही ठाऊक असतो. आमचे मन मात्र अडते ते भीम येण्यापूर्वीच्या एकचक्रेत. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, असा राक्षसाचा रतीब होता आणि तो घरटी पाळीने चालत होता. नगरी सुरळीत होती. हाट भरत होते, लग्ने लागत होती. ज्याची पाळी असेल त्याच्या घरातून तेवढे रडणे ऐकू येई आणि शेजारी आपले दार ओढून घेत. राजाकडे दाद मागावी तर राजा दुर्बळ. ते रडणे कानी पडल्यावर उठून विचारपूस करणारी कुंती ही त्या गावची नव्हतीच; ती पाहुणी होती.

वाचकहो, ज्या ज्या संस्थेत दहा माणसे पोटासाठी एकत्र येतात तेथे ही एकचक्रा वसू शकते. संस्थेचे नाव राखण्यासाठी एका जिवाची पाळी लागते, आणि बहुधा तो जीव स्त्रीचा असतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग हे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने तळघरात तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, ती त्याच रुग्णालयाच्या खाटेवर पडून होती आणि तेथील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिची सेवा केली. त्या सेवेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, तीही या परिचारिकांचा शब्द मानून. दयामरणाची चर्चा आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतूनही पुष्कळ झाली. परंतु या प्रकरणाचे एक अंग त्या चर्चेत झाकले गेले.

अरुणाचा विवाह ठरला होता. तिची बदनामी होऊ नये, या विचाराने रुग्णालयाच्या प्रमुखांनी लैंगिक अत्याचाराची गोष्ट फिर्यादीत येऊ दिली नाही. परिणाम असा, की खटला चालला तो चोरीचा आणि जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला. जे मुख्य पाप, त्याचा न्यायालयाच्या दप्तरात उच्चारच नाही! पिंकी विराणी यांनी १९९८ साली ग्रंथ लिहिला तेव्हा कोठे ही हकिकत सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. प्रमुखांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. त्यांना दया आली असेल. तथापि ज्या स्त्रीला वाचाच उरली नव्हती, तिच्या वतीने मौनाचा निर्णय तिच्या मालकाने घेतला, आणि त्या मौनाचे सारे माप अपराध्याच्या पदरात पडले.

त्या काळी मालकावर याबाबतीत स्पष्ट बंधन घालणारा कायदा नव्हता. तो येण्यास राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवीचे अश्रू कारणी लागले. सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह रोखू पाहणाऱ्या या साथिनीवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कामाच्या ठिकाणचे गैरवर्तन हा दंडविधानाखालील गुन्हा असेल तर मालकाने योग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करून कारवाई सुरू करावी. पुढे २०१३ साली संसदेने कायदा केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने मालकावर दोन कर्तव्ये टाकली आहेत: पीडित स्त्रीची इच्छा असेल तर पोलिसांत फिर्याद देण्यास तिला साहाय्य करणे, आणि अपराध्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करविणे. या कलमाची वाक्यरचना जरा अडखळणारी आहे; प्रौढ स्त्रीची इच्छा कोठे संपते आणि मालकाचे कर्तव्य कोठे सुरू होते, यावर वकील वाद घालू शकतील. बालकांच्या बाबतीत मात्र संदिग्धता नाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, आणि हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हे सारे आम्ही ग्रंथालयात बसून शिकलो नाही. आमच्या दवाखान्यातील सिस्टरांच्या ओळखीने सेलूकडील एक स्त्री आमच्याकडे आली होती. कापसाच्या एका छोट्या गोदामात ती मजुरीला जात असे. मजूर आठ. मुकादमाने काय केले ते ती सिस्टरांशी बोलली; आमच्याशी बोलली ती मालकाविषयी. ‘‘मालकाले सांगतलं तं तो म्हनते, गावात बोभाटा करू नको, पंधरा दिवसाची मजुरी घे अन् घरी राह्य. फादर, त्यानं कोनाले सांगाले पायजे होतं का नाही?’’

तिचा प्रश्न पैशाचा नव्हता, शिक्षेचाही नव्हता. ज्याला सांगितले त्याने पुढे सांगायचे असते की नाही, एवढेच तिला हवे होते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या स्त्रीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तेथे अर्ज करता येतो, पैसे देऊन केलेली तडजोड कायद्याला मान्य नाही, हे आम्ही तिला सांगू शकलो. सिस्टर तिच्यासोबत वर्ध्याला गेल्या. पोलिसांत जायचे की नाही, हे तिने आठ दिवस ठरविले नाही. तिच्यावतीने ठरविणे आमचे काम नव्हते. नवव्या दिवशी ती आपण होऊन गेली. निकाल अजून यायचा आहे.

येथे धर्मगुरूच्या मनात एक गाठ असते, तिचा उल्लेख केला पाहिजे. सेमिनरीत आम्हांला ऐकावयास शिकविले आणि ऐकलेले पोटात ठेवावयास शिकविले. पापनिवेदनाची मोहोर कोणत्याही सत्तेपुढे फुटत नाही, आणि फुटूही नये. परंतु तोच धर्मगुरू शाळेचा व्यवस्थापक असतो, वसतिगृहाचा चालक असतो, स्वयंपाकीण आणि शिपाई यांचा मालक असतो. कचेरीच्या टेबलापाशी आलेली तक्रार म्हणजे पापनिवेदन नव्हे. जाळीमागचे मौन टेबलापाशी आणून बसविणे हे त्या संस्काराला कमीपणा आणणारे आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा प्रकारांची वर्दी वरिष्ठांना देण्याचे बंधन घातले, आणि देशाच्या कायद्यानुसार द्यावयाची वर्दी त्यामुळे टळत नाही हेही स्पष्ट केले. दाविदाच्या घरातील तामारेची कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. भाऊ तिला गप्प राहावयास सांगतो. पिता आणि राजा असलेला दावीद ऐकतो, संतापतो आणि काहीच करीत नाही. बायबलात त्याच्या संतापाची नोंद आहे, परंतु त्या संतापाचा तामारेला कवडीचाही उपयोग झालेला नाही.

कोणी म्हणेल, खोट्या तक्रारीचे काय? म्हणून तर चौकशी रीतसर हवी. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात घाईने उरकलेली चौकशी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी अमान्य केली, आणि त्याच निकालात समित्या खरोखर नेमल्या आहेत की नाहीत हे तपासण्याचा आदेश केंद्र व राज्य सरकारांना दिला. आरोपीलाही न्याय मिळतो तो प्रकरण उघड आणि नियमाने चालल्यामुळेच.

आमच्या शाळेच्या समितीत अध्यक्ष स्त्री आहे, निम्म्याहून अधिक सदस्य स्त्रिया आहेत. हे सोपे होते. कठीण पडले ते बाहेरच्या सदस्याचे पद. कायदा म्हणतो, संस्थेशी संबंध नसलेली, स्त्रियांच्या प्रश्नांची जाण असलेली व्यक्ती हवी. ज्यांची नावे पुढे आली ते सारे कोणा ना कोणा व्यवस्थापकाचे स्नेही निघाले. शेवटी वर्ध्याहून एक बाई यावयास तयार झाल्या. बसभाडे आम्ही देऊ केले ते त्यांनी घेतले, चहा घेतला, आणि पहिल्याच बैठकीत गेल्या तीन वर्षांची तक्रारवही मागितली.