न मारणारी गोळी

नेम कशावर धरतात? जत्रेत फुग्यांवर, होय ना? आमच्या वडशाच्या जंगलात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी चक्क वाघावर नेम धरला गेला! वनखात्यानं त्याला नाव दिलं होतं सीटी-१. त्यानं १३ माणसं मारली होती. वर्गातली मुलं घाबरून विचारायची, "गुरुजी, त्याले गोळी घालतीन का?" घातली, पण भुलीच्या औषधाची! ही सुई मांसल भागातच लागावी लागते. औषधही वाघाच्या वजनाच्या अंदाजानं भरतात. वाघ झोपला अन् पिंजऱ्यातून जिवंत नागपूरला, गोरेवाड्याला गेला. ती १३ माणसं मात्र परत आली नाहीत. म्हणून सांगतो, सरपणाला, मोहफुलं वेचायला एकटे जाऊ नका. मायलाही एकटी जाऊ देऊ नका.